शिंकेचा वैरी परब

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये पॅसेजमध्ये कोणी शिंकलं, की तिसऱ्या मजल्यावरचा परब आतून कडी लावायचा. गणपतीचा प्रसाद घेऊन गेलो, तर फटीतून विचारतो, "काका, सर्दी किती दिवसांची?" मग म्हणतो, "स्टुलावर ठेवा नि चार पावलं मागे व्हा." हे मला, चाळीस वर्षं इथे राहणाऱ्याला.

मला संशय होताच. परब प्रयोगशाळेत कामाला. तिथे म्हणे उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचतात. त्यानेच समजावलं होतं, "विषाणू म्हणजे नुसता डबा, काका. आतला त्याचा माल काढायचा, चांगलं जनुक भरायचं. तो बरोब्बर मेंदूच्या पेशीत नेऊन पोचवतो."

"जनुक म्हणजे रे काय?"

"शरीर कसं चालवायचं त्याची लेखी सूचना."

मी चौथी शिकलेला, पण अक्कल गहाण ठेवलेली नाही. म्हटलं, "जन्मभर घरफोड्या केल्या त्याच्याच हाती किल्ली?"

"कुलूप त्यालाच उघडतं ना."

नाही पटलं. हा विषाणू घरी आणतो, म्हणूनच दार बंद, असं मी कमिटीत ठणकावलं आणि जाब विचारायला स्वतःच गेलो.

परब दाराबाहेर आला, दार ओढून घेतलं आणि सांगितलं. नऊ वर्षांची त्याची मुलगी मिनी अजून मान धरत नाही. एक जनुक जन्मापासून नाही. ते जनुक डब्यात भरलेलं औषध आता मुलांना देऊन बघणार होते, तिचं नाव दिलं होतं. पण तो विषाणू माणसांत असाच फिरतो, कोणाला कळतही नाही. अंगाला त्याची एकदा ओळख झाली, की पुढे अंग त्या डब्याला आत घेत नाही.

"मी आणत नाही, काका. बाहेर ठेवतोय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सगळे बघायला आले असते."

मागच्या महिन्यात तिचं रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी परबाचं दार सताड उघडं.

"या काका, आत या. तिच्या अंगाला त्या डब्याची ओळख आधीच झालीय. कधी झाली देव जाणे. नाव कापलं."

"मशीन चुकतं रे."

"दोनदा केलं."

त्या डब्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. परब पॅसेजभर फिरला, प्रत्येक दार वाजवून पोरांना बोलावून आणलं. नाक वाहणारीसुद्धा. पोरं मिनीच्या गादीभोवती कोंडाळं करून बसली. कोणी तिच्या हातात बांगड्या चढवल्या, कोणी वेणी घालायला घेतली. मिनी खिदळली. नऊ वर्षांत तो आवाज आमच्या पॅसेजला ठाऊक नव्हता.

परब उंबऱ्याबाहेर, माझ्या शेजारी उभा. आत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.