झाकणाचं पेटंट

श्रीकृष्ण फोटोवाल्याचं डोकं सकाळीच फिरलं. मोखाड्याच्या हरेशने म्हणे स्टुडिओवर पाटी ठोकली होती: 'लेन्सवर झाकण ठेवून फोटो काढा, बिघडलेला पिक्सेल ओळखा. शोध आमचा. पेटंटसाठी अर्ज केला आहे.'

"चोर लेकाचा! काळ्या फोटोत पांढरा ठिपका दिसला की तोच बिघडलेला पिक्सेल, हे मी शोधलंय, मी!" जव्हारच्या आपल्या दुकानात तो गरजला.

"हळू बोला," त्याची बायको विद्युल्लता म्हणाली. "कसं शोधलंत ते कळलं तर लोक जोड्याने मारतील."

शोध लागला होता साखरशेत गावात, तुकाच्या पोरीच्या, चैतीच्या लग्नात. नवरा-नवरीभोवती ही झुंबड! श्रीकृष्णाने नेहमीसारखा कॅमेरा डोक्यावर धरला आणि न बघताच धडाधड फोटो मारले. झाकण काढायचं राहिलं. अक्षतांचे सगळे फोटो काळेकुट्ट, आणि प्रत्येकात एकाच जागी एक ठिपका. वीज कडाडली नि कार्ड जळालं, असं त्याने तुकाला ठोकून दिलं. तुका देवमाणूस, त्याने ते मानलं.

वाद दोन्ही तालुक्यांतल्या फोटोग्राफरांपुढे गेला. त्यांच्यातले सर्वांत जुने गोरखकाका पंच झाले. "ज्याचा काळा फोटो आधीचा, त्याचं पेटंट," ते म्हणाले. "पण तेव्हा हजर असलेला साक्षीदार आणा."

झालं! ईर्ष्या चढली की अक्कल गहाण पडते. श्रीकृष्णाने बायकोसोबत तुकालाच जीपमध्ये घालून मोखाड्याला नेलं आणि भर सभेत पडद्यावर फोटो लावला.

"तुकाभाऊ, हा काढला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना?"

"पन हा हाय काय?"

"चैतीच्या अक्षता."

"आं? तं वीज पडून जळला म्हनलास ना तू?" तुका पडद्याजवळ गेला. "माझे पोरीकडं लग्नाचा एक फोटू नाय रं!"

श्रीकृष्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरेशला मात्र उकळ्या फुटल्या.

"माझा फोटो याच्याही आधीचा!" तो छाती ठोकून म्हणाला. "गेल्या अक्षय तृतीयेचा. साक्षीदार म्हणजे याचीच बायको, विचारा!"

"अक्षय तृतीया?" विद्युल्लता ताडकन उठली. "म्हणजे आमच्या किमयावन्संच्या लग्नाचा? तुमचा कॅमेरा तर फोटोंसकट दाभोशाच्या धबधब्यात पडला म्हणालात ना? माझ्या सासऱ्यांनी कीव येऊन तुम्हाला नवा घेऊन दिला!"

तुकाने वाकून पायातली वहाण काढली. विद्युल्लतेने पदर खोचला.

गोरखकाकांनी घसा खाकरला. "हं, मग शोध कोणाच्या नावावर लिहू?"

श्रीकृष्णाने हात जोडले. "हरेशभाऊ मोठे. शोध त्यांचाच."

"छे, छे!" दाराकडे सरकत हरेश म्हणाला, "पहिला मान जव्हारचा!"