आठव्या गाण्याला पिठलं-भात

जिज्ञासाचा अल्बम ही बदलापूरच्या इतिहासातली मोठी घटना होती. निदान जिज्ञासाच्या मते तरी! दहावीतली पोरगी, शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. आणि स्टुडिओ? हॉलमधलं आईचं साड्यांचं कपाट! खालच्या कप्प्यात मांडी घालून बसायचं, दार ओढून घ्यायचं. साड्या आवाज पितात ना!

सात गाणी झाली होती. उरलं होतं आठवं, सगळ्यात दर्दभरं. आणि अंबरनाथच्या सोहमदादाचा माइक आज संध्याकाळी परत जाणार होता.

"आज घरात कुणी शिंकलं तरी याद राखा!" तिने बजावलं.

झालं! कुकरची शिट्टी नको, म्हणून गॅसच बंद. पंखे बंद. शेजारचे मिक्सर ऐकू येऊ नयेत म्हणून खिडक्यांना पांढऱ्या चादरी. शंकरराव आजोबांचा खोकला म्हणजे एमआयडीसीचा भोंगा! त्यांना सकाळीच शालीत गुंडाळून, दोघांनी धरून रिक्षात बसवलं आणि चामटोलीला आत्याकडे धाडलं.

समोरच्या मालिनीकाकूंनी गॅलरीतून सगळं पाहिलं. रिक्षातले आजोबा. पांढऱ्या चादरी. थंड स्वयंपाकघर. वर जिज्ञासाचा आलाप! काकू धावत दाराशी आल्या. आईचा चेहरा उकाड्याने लालबुंद, डोळ्यांत घाम. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि नुसते हात जोडले.

काकूंना आणखी काय सांगायला हवं होतं?

तासाभरात दारात चपलांचा ढीग! अख्खी बिल्डिंग गुपचूप जमिनीवर बसली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कुणी पिठलं आणलं, कुणी भात. आईला वाटलं, लेकीचं गाणं ऐकायला आलेत! तिचा ऊर भरून आला. ते पाहून बायका आणखी रडायला लागल्या.

"पोरीने कपाटात कोंडून घेतलंय गं," कुणीतरी कुजबुजलं.

"देवमाणूस होते हो शंकरराव!" काकूंनी नाक ओढलं.

जिज्ञासाने फटीतून पाहिलं. हॉल भरलेला! प्रत्येकीचा पदर डोळ्यांना! आयला, माझ्या आवाजात एवढी ताकद? तिने आलाप आणखी दोनदा घेतला.

तेवढ्यात दारातून भोंगा वाजला. आत्याकडे कारल्याची भाजी होती, म्हणून आजोबा परतले होते.

"एवढ्या चपला? कोण गेलं रे?"

काकूंनी अशी किंकाळी फोडली की कपाटातल्या चार साड्या घसरून जिज्ञासाच्या डोक्यावर पडल्या!

उलगडा झाला तेव्हा आजोबा दुसऱ्यांदा पिठलं वाढून घेत होते. काकू मात्र जिज्ञासावरच उखडल्या. "माझी काय चूक? तुझा आवाज ऐकूनच माझी खात्री पटली!"

माइक परत गेला, त्यामुळे गाणं काकूंच्या रडण्या-किंकाळीसकट अल्बममध्ये गेलं. आठही गाण्यांत तेच सर्वात जास्त वाजतं, असं जिज्ञासा शाळेत मान ताठ करून सांगते. खरंच आहे ते. आजोबाच दिवसभर लावून बसतात. तिचा आलाप आला की पुढे ढकलतात आणि थेट 'देवमाणूस होते'पाशी थांबतात!