चंपाचा फोन

मंगळवारी मारोतीकाका गेले.

ते माझे शेजारी; मी इथल्या शाळेत शिक्षक. सारी नोकरी त्यांनी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात हत्तिणी सांभाळण्यात घालवली आणि निवृत्त होऊन सेनगावला एकटेच राहायला आले. लग्न केलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते फोनवर ओरडत, "चंपे, खाल्लं का? भिंतीकडं तोंड करून उभी राहू नको." काकांनी शहरात बाई ठेवली आहे, असं गल्लीचं ठाम मत होतं. काकांनी ते कधी खोडून काढलं नाही.

माणसांकडेही ते हत्तींच्याच हिशेबाने पाहत. समोरच्या शांताबाईंकडे नवी सून आली आणि आठवड्यात भांड्यांची आदळआपट सुरू झाली. काका सल्ला द्यायला गेले.

"वहिनी, नवी हत्तीण आली की तिला एकदम आत सोडत न्हाईत. आधी जाळीआडून एकमेकींचा वास घेऊ द्यायचा."

"काहून हो भावजी, मी काय हत्तीण हाय का?"

"न्हाई वहिनी. हत्तीण समजदार असती."

शांताबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

चंपाची खरी गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली. तिच्या सोबतीला गौरी होती. दोघी सोंडेत सोंड अडकवून उभ्या राहत. एक खाऊ लागली की मगच दुसरी खाई. गौरी मेली. चंपा तिच्या जागेपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, चारा सोडला. काका शेजारी बसून बोलत राहिले, तेव्हा कुठे खाऊ लागली. मग काकांची नोकरी संपली. त्यांच्या जागी आलेला किसन रोज संध्याकाळी फोन लावून तिच्या कानाशी धरी. काकांचा आवाज आला की ती खाई.

"तिला तुमचं बोलणं कळतं का, काका?"

"देव जाणे. पण मी बोलून राहिलो तर ती मधीच फोन ठेवत न्हाई, सर. तुमी समदे ठेवता."

मंगळवारी संध्याकाळी काकांचा फोन वाजला. मी तो उचलून किसनला बातमी दिली. तो म्हणाला, "सर, तुमीच बोला की तिच्याशी." मी बोललो. काकांचेच शब्द, त्यांच्यासारखंच ओरडून.

"कान हलवला, सर," किसन म्हणाला. "पण परत भिंतीकडं वळली."

आता काकांच्या घराला कुलूप आहे. त्यांचा फोन माझ्याकडे असतो. रोज संध्याकाळी मी बोलतो. किसन सांगतो, चंपा थोडा चारा सोंडेत घेते आणि खाली टाकते.