डब्यात रिमोट किती?

दिग्रसच्या बाजारात वस्तू ठोकून पाहणारं गिऱ्हाईक मला रोज भेटतं. हलवून पाहणारं भेटतं, वास घेणारं भेटतं, अर्धा तास उलटसुलट करून 'उद्या येतो' म्हणणारं तर दर तासाला भेटतं. पण चावून पाहणारं गिऱ्हाईक माझ्या दुकानात एकच येतं, आणि त्याचं नाव उत्तमभाऊ.

बसस्टँडच्या रस्त्यावर माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात गेमच्या मशिनी. पहिली नवी मशीन मी मोठ्या हौसेनं आणून काउंटरवर मांडली, त्या दिवशी उत्तमभाऊ आत आले. त्यांनी रिमोट उचलला, त्यावरची अंगठ्यानं फिरवायची रबरी दांडी निरखून पाहिली आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत कचकन चावली.

"ओल नाही," ते म्हणाले. "पण माल नरम हाय."

दांडीवर दात उमटले ना राव! तो रिमोट मग मला स्वस्तात काढावा लागला. घेणाऱ्या पोरानं ते दात म्हणजे पकड बसावी म्हणून कंपनीनं दिलेली नक्षी समजली, म्हणून वाचलो.

आता यात उत्तमभाऊंचा तरी काय दोष? ते एका जिनिंग कारखान्यासाठी कापूस पारखतात. हंगामात मार्केट यार्डात गाड्या लागल्या की गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, तंतू ताणून पाहायचा आणि सरकी, म्हणजे आतलं बी, दाताखाली फोडायची. कट्ट वाजली तर कापूस सुका, नाही वाजली तर ओला. जन्मभर हेच केल्यामुळं कोणतीही वस्तू दाताखालून गेल्याशिवाय त्यांना पटतच नाही. शोभावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, सांगतात, "लग्नाच्या दिवशी माह्या पोतीचा मनी चावून पाह्यलता या मानसानं. माही माय रडाचं सोडून हसाले लागली."

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव असा पडला होता की दुपारी यार्डात गाड्यांपेक्षा कुत्री जास्त दिसायची. पारखायला मालच नाही, म्हणून उत्तमभाऊ माझ्या दुकानात येऊन गेमच्या मशिनी पारखायचे. घ्यायचं नाव नाही. पण मत मात्र असं ठासून द्यायचे की कपाटाजवळ उभी असलेली पोरं आपल्या बापाला ओढून बाहेर न्यायची. माझा तर जीव जळायचा.

एक सांगितलं पाहिजे, माणूस गेमचा अस्सल शौकीन. जुन्या कॅसेटवाल्या मशीनवर त्यांचा हात असा चालायचा की गल्लीतले लोक खिडकीत उभे राहून बघायचे, हे मी दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. ते स्वतः एवढंच म्हणायचे, "टँकच्या गेममधी आमचा किल्ला कोनी फोडला नाही." 'माझा' नाही, 'आमचा'. मी तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही.

कोणत्याही मशीनबद्दल त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "रुई किती, सरकी किती?"

म्हणजे असं की कापूस जिनिंगमधून काढला की रुई वेगळी आणि सरकी वेगळी. खरा दाम रुईचा. तसं, मशीनमध्ये खेळणं किती आणि बाकीची भानगड किती, असा त्यांचा हिशेब.

"यात नेट लागते," मी एकदा सांगितलं. "गेम नेटवरून उतरवून घ्यायचा."

"अरे बापा! म्हंजे बोरा इकला अन् कापूस आनाले पुन्याले पाठोलं?" ते कपाळाला हात लावत म्हणाले. "सरकीच हाय शेट हे. निव्वळ सरकी."

अपडेट प्रकार समजावला तर म्हणाले, "काल घेतलेला बैल आज म्हन्ते, पहिले मले शिंगं लावून द्या, मंग चालतो. कोन घेईन असा बैल?" चित्र किती खरं दिसतं हे दाखवायला मी एका खेळाडूच्या कपाळावरचा घाम दाखवला. त्यांनी तो जवळ जाऊन पाहिला. "घाम खरा हाय," ते म्हणाले, "पन कापूस येचनाऱ्या बायांचा घाम आपल्याले फुकटात दिसते. थो पाह्याले एवढी मशीन कायले घ्या?" मशीनच्या मागून गरम हवा येत होती, तिथं त्यांनी तळहात धरला. "आतमधी पंखा हाय? म्हंजे कंपनीलेच आपल्या मालाचा भरोसा नाही."

एकदा मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, बोलून उपयोग नाही, या माणसाला खेळायलाच बसवतो. स्टूल दिलं, हातात रिमोट दिला, मशीन लावली. पडद्यावर लोडिंगची पट्टी सरकायला लागली. उत्तमभाऊ मांडीवर हात ठेवून शांत बसले. पट्टी सरकते आहे, सरकते आहे, शेवटाला आली, आणि लाइन गेली. आमच्याकडं त्या वर्षांत लाइन अशीच जायची, पण तेव्हाच जावी?

"झालं?" अंधारातून आवाज आला. "आमच्या कॅसेटले लोडिंग नोयतं शेट. फुकली, खोसली, सुरू."

हे सगळं सहन केलं मी. पण खरा घोळ शेवटच्या सवालाचा होता. सगळी मतं देऊन झाली, दांडी चावून झाली (मी आता त्यांच्यासाठी एक जुना रिमोट वेगळाच ठेवला होता), की ते डब्याचं झाकण उघडून आत वाकायचे आणि हळूच विचारायचे, "डब्यात रिमोट किती?"

"एक."

"एकच?"

"एकच असतो आता. दुसरा पाहिजे तर वेगळा विकत मिळतो."

"जुन्यात दोन राहेत." ते झाकण लावायचे, डब्यावरून हात फिरवायचे. "मंग हा तं कंपनीतूनच वाटनी होऊन आला, शेट."

आणि जायचे. दर वेळी. दुसरा रिमोट मी कमी भावात देतो म्हटलं, तर म्हणायचे, "येगळा घेतलेला येगळाच राह्यते."

आता मीही काही कच्चा दुकानदार नाही. मनाशी ठरवलं, या माणसाला मशीन विकीनच, नाहीतर दुकानाला कुलूप लावीन. एका डब्याचं सील मी हलक्या हातानं काढलं, आत दुसरा रिमोट घातला आणि प्लास्टिक असं बेमालूम चिकटवलं की माझं मलाच कौतुक वाटलं. उत्तमभाऊ आले. मी म्हटलं, "घ्या, दोनवाला आला!"

त्यांचा चेहरा क्षणभर इतका उजळला की मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाशी चाचपलं आणि हात तसाच बाहेर काढला.

"शेट, वरून पांढरा अन् तळाले कवडी, किडका माल, भरलेल्या गाड्या मी जनमभर पाह्यल्या. हा तुम्ही टाकला. कंपनीनं नाही देल्ला." रागावले नाहीत, उलट माझ्या पाठीवर थाप मारली. "मेहनत चांगली घेतली पन."

असा संताप आला मला! त्याच आठवड्यात शोभावहिनी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्या, तेव्हा मी सगळी तक्रार त्यांच्यापुढं ओकली. म्हटलं, वहिनी, एका रिमोटसाठी हा माणूस मला वेडा करून सोडणार. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मिक्सरचं भांडं काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं.

उत्तमभाऊंना धाकटा भाऊ आहे, विलास. मशीन दोघांनी मिळून घेतली होती, किल्ला दोघं मिळून राखायचे. मग कापसाचा भाव पडायला लागला, घरात आधी कुरबुर, मग भांडणं, आणि एक दिवस वाटणीला पंच बसले. वावर दोन भाग, भांडी दोन भाग, बैलजोडीतला एकेक बैल दोघांना. शेवटी आली ती मशीन. पंचांमधल्या कोणाला तिच्यातलं काही कळत नव्हतं, पण न्याय बरोबर झाला पाहिजे यावर सगळे ठाम. त्यांनी मशीन थोरल्याला दिली, कॅसेट आणि अडॅप्टर धाकट्याला. रिमोट दोन होते, म्हणून एकेक.

"अन् कोनी हसलंच नाही भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दोघंही गुमान आपापला रिमोट घेऊन उठले. विलासभाऊजी वनी गावाले गेले, कोळशाचा टरक चालोतेत. तवापासून बोलनं नाही. इकडं हे दसऱ्याले काट्यासंगं, इळ्यासंगं थे मशीन पाटावर ठेवते, हळदकुकू वाह्यते. एका रिमोटचीच पूजा करते."

मला एकदम वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की दुकानदार जे करतो तेच मी केलं. उत्तमभाऊ आले तसा खणातून एक नवा अडॅप्टर काढून पुढं ठेवला. "हा न्या. पैसे नकोत. तुमची मशीन याच्यावर चालेल, कॅसेटही मी शोधून देतो."

त्यांनी अडॅप्टरकडं पाहिलं. चावलासुद्धा नाही.

"अडॅप्टर विलासच्या वाट्याले हाय," ते म्हणाले.

"अहो, तो त्याचा त्याच्याकडं राहू द्या. हा नवा आहे!"

"मले नवा पाह्यजेच नाही, शेट." एवढं बोलून ते यार्डाकडं निघून गेले. असा अडेल माणूस मी पाहिला नाही बुवा.

पुढच्या हंगामातली गोष्ट. भरदुपारी एक ट्रक दुकानासमोर थांबला. जिनिंगमधून सरकी भरायला आलेला ड्रायव्हर होता. खांद्यावर दुपट्टा, नखांत कोळसा. पोरं मागून राहिलेत म्हणाला, म्हणून मी कपाटातली मशीन काढून दाखवली. रिमोट, चित्र, पंखा, कशाबद्दलच त्यानं काही विचारलं नाही. झाकण उघडलं, आत वाकला आणि हळूच म्हणाला, "डब्यात रिमोट किती?"

मी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"एक," मी म्हटलं.

"राहू द्या मंग."

तो वळला. मी काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. "थांबा हो! दोनवाला येतोय. आत्ता येतो. बसा, चहा घ्या." त्याला स्टुलावर बसवलं आणि आत जाऊन उत्तमभाऊंना फोन लावला. "दोनवाला आलाय, खरा. तुमची जुनी मशीन घेऊन या, शेजारी ठेवून पारख होऊन जाऊ द्या एकदाची."

पारख म्हटल्यावर हा माणूस थांबतोय कशाला! कापडी पिशवीत मशीन आणि रिमोट घेऊन, बाह्या सारून, नव्या जमान्याचा निकाल लावायच्या तयारीनंच ते पायरी चढले. आणि स्टुलावरचा विलास उठून उभा राहिला.

उत्तमभाऊ पायरीवरच थबकले. रस्त्यावरून पुसदची एसटी हॉर्न वाजवत गेली. मला वाटलं, संपलं, आता दोघं दोन दिशांना जातील आणि मला दोन्ही घरच्या शिव्या पडतील.

विलासनं त्या पिशवीकडं पाहिलं. मग तो बाहेर गेला, ट्रकवर चढला आणि सीटखालून एक गाठोडं काढून घेऊन आला. दुपट्ट्यात कॅसेट होती, रिमोट होता आणि तार नीट गुंडाळलेला अडॅप्टर होता.

"घरी पोट्टे वढतेत," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "म्हून गाडीत ठेवतो."

उत्तमभाऊंनी अडॅप्टर उचलला. तार बोटांतून सरकवली, एका ठिकाणी दोनदा सरकवली आणि पिनेचं काळं टोक दाताखाली धरलं.

"सुका ठेवला बे," ते म्हणाले. आवाज अगदी ओला होता.

"मंग काय भिजोतो?" विलास म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

दुकानातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीला मी ती मशीन जोडली. विलासनं कॅसेट फुंकली, उत्तमभाऊंनी खोसली. विलासच्या रिमोटला सुरू करायचं बटणच नाही, ते थोरल्याच्याच रिमोटला. उत्तमभाऊंनी ते दाबलं आणि टँक निघाले.

"डावीकून घे बे, डावीकून!"

"घेऊन राह्यलो ना दादा! तू किल्ला पाह्य!"

बाहेर गर्दी जमली. दोन गिऱ्हाइकं पंखा घ्यायला आली होती, तीही बघत बसली. मी एकदा दारात, एकदा मीटरपाशी, अशा येरझारा घालत होतो की देवा, आता लाइन जाऊ देऊ नको. चार वाजता ती गेलीच. पण तोवर किल्ला कोणी फोडला नव्हता.

ट्रक भरून झाल्याचा निरोप आला. विलास उठला, स्वतःचा रिमोट खिशात घातला, अडॅप्टर मात्र काउंटरवरच सोडला. "हा राहू दे तुह्याजवळ, दादा," तो म्हणाला. "मशीन तुह्याकडं हाय. मी घेऊन काय करू?"

उत्तमभाऊंनी तार गोल गुंडाळली. कॅसेटसोबत दुपट्ट्यात बांधली, गाठ ओढून पाहिली आणि ते गाठोडं विलासच्या पोटाशी असं दाबलं की तो एक पाऊल मागं सरकला.

"घेऊन जाय," ते म्हणाले. "हा इथं राह्यला तं तू कायले येशील?"