एका टाकीत बाराशे

मर्विनची गाडी एका टाकीत बाराशे किलोमीटर जायची. नॉर्समनहून बायकोच्या, नोलीनच्या, माहेरी, सेड्यूनाला, वाटेत एक थेंब डिझेल न भरता. तीस नाताळ त्यानं हे करून दाखवलं होतं आणि दर नाताळला जेवताना मेहुण्याला, क्लेमला, ऐकवलं होतं.

या खेपेला नाताळ नव्हता. नोलीनची शवपेटी आदल्या दिवशीच पुढे गेली होती. दुपारी तीनला दफन होतं.

"वाटेत भरून घे रे," क्लेम फोनवर म्हणाला.

"माझी गाडी मला शिकवू नकोस."

डिझेलचा काटा केव्हाच मेला होता. मर्विननं तो दुरुस्त केला नव्हता. आकडा पाठ असताना काटा कशाला?

सकाळी अकराला, नऊशे साठाव्या किलोमीटरला, गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. मर्विननं फिल्टर पाहिला, नळ्या पाहिल्या, चाकाला लाथ घातली. सगळं झाल्यावर, कलिंगड पारखावं तशी टाकी बोटांनी वाजवली. ठणठणीत रिकामी.

त्या ओसाड रस्त्याला बॉनेट उघडं दिसलं की कोणीही थांबतं. पण बॉनेट उघडं म्हणजे गाडी बिघडली, आणि मर्विनची गाडी बिघडली नव्हती. तो नुसता कडेला उभा राहिला आणि समोरून ट्रक येताच एक बोट वर केलं. तिथे एकमेकांना रामराम असाच घालतात. ड्रायव्हरनंही बोट वर केलं आणि निघून गेला. दुसऱ्यानं दोन बोटं वर केली. तिसऱ्यानं प्रेमानं भोंगा वाजवला.

साडेबाराला तीस किलोमीटर मागच्या पंपावरची रोंडा डिझेलचे डबे घेऊन आली.

"ट्रकवाला म्हणाला, एक म्हातारा उभा आहे, फार मायाळू, सगळ्यांना रामराम करतोय. म्हटलं, बॉनेट न उघडणारा एकच."

"कुठंतरी गळतंय," मर्विन म्हणाला.

रोंडा ओतत राहिली. "आज अंघोळीला का थांबला नाहीस?"

दर खेपेला तो तिच्या पंपावर अंघोळ करायचा. नोलीन म्हणायची, वास येतोय, जा. आज तसं म्हणणारं शेजारी कोणी नव्हतं.

"अंघोळीचा काय संबंध?"

"तू आत गेलास की ती चाळीस लिटर भरून घ्यायची. मी बावीस वर्षं बघतेय."

मर्विननं तिच्या हातातला डबा घेतला. "तिनं मला का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, अजून पावणेतीनशे किलोमीटर त्याच्या शेजारी बसायचंय."

टाकी कोरडी पडून नळ्यांत शिरलेली हवा काढण्यात आणखी तास गेला.

तो दफनभूमीत शिरला तेव्हा चार वाजून गेले होते. माणसं निघून गेली होती. क्लेम एकटाच फावड्यावर रेलून उभा होता. खड्डा निम्मा भरला होता.

"पाऊण तास थांबवलं रे सगळ्यांना," क्लेम म्हणाला. "पण फादरना दुसरीकडे जायचं होतं."

वाटभर मर्विननं कबुलीचं एकच वाक्य जुळवलं होतं, नोलीनसमोर म्हणायचं म्हणून.

"किती गेली टाकीत?" क्लेमनं हळूच विचारलं.

"नऊशे साठ."

क्लेम हसला नाही. तीस वर्षं मर्विनला त्याच्या हसण्याची भीती होती, आणि आज तो हसला नाही. "वारा समोरून असेल," एवढंच म्हणाला.

खड्ड्याकाठच्या फुलांची पाकळीही हलत नव्हती.

"हो," मर्विन म्हणाला. "समोरूनच होता."