एक्स-रेचा मालक कोण?

"दवाखान्याचा संगणक ना? जेवायच्या आत नवा करून देतो!" रविवारी सकाळी खटपट्याने छाती ठोकून सांगितलं आणि डॉक्टरबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या बाईने खरं तर ठेवायला नको होता!

खटपट्या म्हणजे डॉक्टरबाईंचे यजमान. हे नाव सासऱ्यांनी बहाल केलेलं. त्यांच्या दाराची घंटा दुरुस्त करायला म्हणून तो बसला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याचे दिवे गेले, त्या दिवसापासून. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, तीही घरी बसून. त्यामुळे हात सतत शिवशिवायचे.

डॉक्टरबाई दातांच्या. दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर रिसेप्शनच्या ताई आणि चार खुर्च्या, आत ती मोठी खुर्ची. मधल्या पार्टिशनला वरून हातभर फट, त्यामुळे आतला "आ ऽऽऽ" बाहेरच्यांना फुकट ऐकू येई. रोग्यांचे सगळे एक्स-रे ताईंच्या टेबलावरच्या संगणकात. खटपट्याने एक्स-रेचा प्रोग्राम उचलला आणि कंटेनरमध्ये घातला. कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातला बंद डबा. डब्यातल्या प्रोग्रामला वाटतं, अख्खं यंत्र आपल्या बापाचं! बाहेर काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

"आता विषाणू येवो, वादळ येवो, डब्याबाहेर काही सांडणार नाही!" खटपट्या म्हणाला आणि जेवायला बसला. उघडून मात्र बघितलं नाही. भात वाढलेला होता!

सोमवारी सकाळी पहिलाच रोगी म्हणजे साक्षात जागामालक. सत्तरीचे काका. दाढेचं रूट कॅनॉल करायचं होतं आणि त्याच महिन्यात दवाखान्याचा भाडेकरार पुन्हा व्हायचा होता. डॉक्टरबाईंनी नाजूक हाताने इंजेक्शन दिलं, काकांचा खालचा ओठ पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लोंबला, आणि बाईंनी हाक मारली, "ताई, काकांचा एक्स-रे पडद्यावर उघडा!"

"मॅडम, हा म्हणतोय परवानगी नाही!"

"कोण म्हणतोय?"

"संगणक!"

"माझा दवाखाना, माझे पेशंट, आणि मलाच परवानगी नाही?" डॉक्टरबाईंनी फोन लावला. खटपट्या सातव्या मिनिटाला हजर! एका पायात चप्पल, एका पायात बूट. बाई ताईंच्या टेबलाशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "इंजेक्शनचा असर तासभर टिकेल. तेवढ्यात एक्स-रे दिसला नाही तर तुझी दाढ काढीन."

खटपट्याने बटणं बडवली आणि त्याचा चेहरा उजळला. "कळलं! भानगड मालकीची आहे!"

आत खुर्चीवर काकांनी डोळे उघडले.

"यंत्राला नावं कळत नाहीत, नंबर कळतात," खटपट्या रंगात येऊन सांगू लागला. "या फायली तुझ्या, तुझा नंबर एक हजार. डब्यातला प्रोग्राम आत स्वतःला शून्य नंबर समजतो, म्हणजे सर्वेसर्वा. पण बाहेर त्याचा नंबर एक लाख. आणि आतल्या यादीत तुझा एक हजार आहेच कुठे? म्हणून आतून बघितलं की दिसतं, मालक: कोणीच नाही!"

"ऑ?" आतून आवाज आला.

"काका, तोंड उघडंच ठेवा!" डॉक्टरबाई ओरडल्या.

"काळजी नको," खटपट्याचा आवाज फटीतून स्वच्छ आत गेला. "जुना मालक काढून टाकतो. सगळं एका फटक्यात नव्या मालकाच्या नावावर! कुणाला विचारायची गरज नाही, मला रूट, म्हणजे यंत्राचं मुख्य खातं, मिळालं की झालं!"

"रूट मी बघतेय, तू एक्स-रे बघ!"

"आलक ई आहे! ई!" काका खुर्चीतून ओरडले. 'मालक मी' म्हणायचं होतं, पण ओठ कुठे ऐकतोय! मग त्यांनी गळ्यातल्या कागदी रुमालावर लिहिलं, 'जागा माझ्या वडिलांची आहे', तो झेंड्यासारखा हलवला, आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरून थोरल्या बहिणीला निरोप धाडला. बहीण वकील होती. शहात्तर वर्षांची, आणि अजून एकही खटला न हरल्याचं सांगणारी.

बाहेर खटपट्याने हुकूम सोडला. पण एक्स-रेच्या फोल्डरवर सोडायचा तो घाईत बाईंच्या अख्ख्या खात्यावर सोडला! पत्रं, भेटींची यादी, लग्नाचे फोटो, सगळ्याचा मालक एक लाख नंबर. आणि खबरदारी म्हणून साहेबांनी संगणक बंद करून चालू केला.

ताईंनी पासवर्ड घातला. पडदा लुकलुकला आणि पुन्हा पासवर्ड मागू लागला. पुन्हा घातला, पुन्हा तेच! म्हाताऱ्याला गोष्ट सांगावी आणि त्याने शेवटी "हं, मग कधी सांगतोस?" म्हणावं, तसं!

"आता काय झालं?" डॉक्टरबाईंचा आवाज बर्फासारखा.

"तुझ्या खात्यात तुझं काही उरलं नाही. म्हणून तुला घरात घेत नाहीये."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. काळा कोट, हातात छत्री, वकीलबाई! "माझ्या भावाला गुंगी देऊन जागा कोण लाटतंय?"

"मीच नावावर करत होतो," खटपट्या पडद्यावरून मान न वळवता म्हणाला, "पण चुकून सगळंच गेलं."

छत्री वर गेली! डॉक्टरबाई मध्ये पडल्या, "अहो आजी, फायली! फायलींबद्दल बोलतोय हा!"

या गदारोळात फक्त ताई शांत होत्या. "साहेब, एक विचारू? हजारो फायलींचा मालक बदलण्यापेक्षा त्या आतल्या एकट्यालाच बाहेर मॅडमचा नंबर दिला तर?"

खटपट्या काळ्या पडद्यावरून मुख्य खात्याने आत शिरला, सगळ्या फायली एक हजार नंबरला परत केल्या आणि डब्याच्या सेटिंगमध्ये एकच ओळ लिहिली: आतला शून्य म्हणजे बाहेरचा एक हजार. पासवर्ड चालला. दाढ उगवत्या सूर्यासारखी पडद्यावर आली! इंजेक्शनची बारा मिनिटं शिल्लक होती. बाईंनी त्या दिवसापुरतं काम उरकलं.

वकीलबाईंचं मात्र समाधान होईना. भावाला घेऊन जाताना त्यांनी खटपट्याला समोर उभं केलं आणि उलटतपासणी घेतली.

"म्हणजे हा जो आतला आहे, तो स्वतःला सर्वेसर्वा समजतो?"

"हो!"

"बाहेर मात्र त्याचं स्वतःचं काहीच नाही. सगळं डॉक्टरबाईंच्या नंबरावर?"

"अगदी बरोबर!"

"आणि हे त्याला ठाऊक नसतं?"

"पत्ताच नसतो! तीच तर खरी गंमत आहे!"

वकीलबाईंनी खटपट्याला बुटापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मग डॉक्टरबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "छान सांभाळलंयस हो, पोरी. करार मी आजच पाठवते."

त्या गेल्यावर खटपट्या खूश होऊन म्हणाला, "बघितलंस? शहात्तर वर्षांच्या बाईलासुद्धा कंटेनर कळला!"

डॉक्टरबाई आणि ताई एकमेकींकडे बघून इतक्या का हसल्या, ते त्याला अजून कळलेलं नाही.