वरच्या वाडीचे लोकसभा अध्यक्ष

दिल्लीत संसदेचं अधिवेशन सुरू झालं की इकडे आमच्या वरच्या वाडीत माझी दुपारची झोप बंद होते. कारण शेजारचे महादूतात्या. टीव्हीसमोर खाटेवर बसायचं, मांडीवर बैलाची पितळी घंटा घ्यायची आणि खासदार ओरडायला लागले की ती ठणाठणा वाजवायची. "ओ, खाली बसा! तुमाला नाय, त्या मागच्याला सांगतोय!" बैल कधीच विकला, म्हशाच्या गुरांच्या यात्रेतून हौसेने आणलेली घंटा तेवढी राहिली. आता ती देशाच्या गळ्यात बांधलीत, असं मी एकदा म्हणालो. तात्यांना ते कौतुकच वाटलं.

तात्यांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर गेली. त्यामुळे लोकशाहीसुद्धा त्यांना धरणासारखीच दिसते. "दारं उघडायच्या आधी आमी भोंगा वाजवायचो. नदीतली माणसं, ढोरं भायेर निघाली पायजेत ना? आन् हे कायदा सकाळी आणतात, दुपारी सोडतात! खालच्या माणसानं पळायचं कुठं?" अधिवेशनाच्या तारखा पाण्याच्या पाळीसारख्या आधीच जाहीर कराव्यात, गोंधळात गेलेला वेळ रविवारी बसून भरून काढावा, आणि घंटा बोलणाऱ्यासाठी नव्हे, मध्ये बोलणाऱ्यासाठी वाजावी, ही तात्यांची त्रिसूत्री. माझ्या मुलीच्या साखरपुड्यातही त्यांनी ती पाहुण्यांना ऐकवली. मुलाचे वडील मध्येच काही बोलायला गेले, तर तात्या म्हणाले, "तुमचा टाइम येईल." सोयरीक टिकली हे आमचं नशीब.

असा हा वाघ घरात मात्र मांजर. लक्ष्मीकाकींनी तोंड उघडलं की तात्या झटकन टीव्हीचा आवाज बंद करत. मग पडद्यावर पंतप्रधान का असेनात. काकी मुळात कमी बोलत, आणि बोलताना अडखळत. पहिला शब्दच घशात अडून बसे. तात्या बायकोला घाबरतात, अशी माझी पक्की खात्री होती.

यंदा तात्यांनी दिल्लीचा नाद सोडून गावाकडे मोर्चा वळवला. आमची ग्रामसभा म्हणजे एक गंमतच. ती ठेवायची ऐन लावणीत, सकाळी अकराला. सगळा गाव चिखलात. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला संख्येची अट नसते, हे सगळ्यांना तोंडपाठ! मग पाचसहा जण देवळात बसून चहाबरोबर गावाचे ठराव उरकणार. अशाच चहात आमच्या वाडीची नळाची लाइन दरवर्षी वाहून जाई. आमच्या बायका खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन चढ चढतात. आणि धरणाची भिंत आमच्या अंगणातून दिसते.

तात्यांनी सरपंचाला गाठलं. "सभा लावणी झाल्यावर ठेव. तारीख आधी सांग, विषय आधी सांग. भोंगा आमी वाजवतो."

"तात्या, दिल्ली ऐकत नाय म्हणून तुमी आमच्या मागं का लागता?"

"पाणी वरनं खाली येतं रे. शिस्त खालनं वर जाते."

तरुण सरपंच कंटाळून हो म्हणाला. मग तात्या आठवडाभर दारोदार घंटा बडवत, सभेची तारीख ओरडत फिरले. कुत्र्यांनी मनापासून साथ दिली.

सभेच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकाच निम्म्याहून जास्त. शिस्तीचं काम सरपंचाने तात्यांवरच सोपवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि तात्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर. माजी सरपंच मध्ये बोलले, ठण! मी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजलो, ठण! चालू सरपंचालासुद्धा "टाइम झाला" म्हणून खाली बसवलं.

मग लक्ष्मीकाकी उभ्या राहिल्या. काही वर्षांपूर्वी नळासाठीच त्या अशा उभ्या राहिल्या होत्या. पहिला शब्द निघायच्या आत मागून कुणीतरी नक्कल केली, सभा हसली, आणि काकी खाली बसल्या त्या कायमच्या. त्या दिवशी तात्या धरणावर ड्यूटीला होते.

"व... व..." काकी थांबल्या. मागे कुणीतरी नुसतं खाकरलं. तात्यांनी तिकडे असं पाहिलं की खोकलाही गिळला गेला.

"वरच्या वाडीला... पाणी पायजे. आमचा जलम... हंड्यात गेला. सुनांचा... नाय जायचा."

किती वेळ लागला, कोण जाणे. तीन मिनिटं केव्हाच उलटली असतील. मी तात्यांकडे पाहिलं. घड्याळ मनगटावर नव्हतंच. ते त्यांनी काढून खिशात टाकलं होतं. घंटा मांडीवर होती आणि आतला लोलक त्यांनी मुठीत आवळून धरला होता, चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून. घरातल्या टीव्हीचा आवाज कशासाठी बंद होत होता, ते मला तेव्हा कळलं.

सरपंचाने हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले, माजी सरपंचांचासुद्धा. ठराव पास! टाळ्यांनी पत्रे दणाणले. काकी पदराने तोंड पुसत खाली बसल्या. तेव्हा कुठे तात्यांची मूठ उघडली, आणि मग त्यांनी घंटा अशी बडवली की विचारू नका.

"भोंगा वाजला रे!" ते ओरडले. आवाज फाटला होता, डोळे वाहत होते. "आता सोडा पाणी!"